समोरच्या घरी न पोचलेलं कार्ड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या लेकीच्या – मैत्रीच्या – बाबांनाही नाही. आज तुमच्यापाशी बोलतेय खरी – पण कुठून सुरू करू?

आम्ही मूळचे परभणीकडचे, बौद्ध. सिकंदराबादला नोकरी लागली तशी तिथंच तारनाक्याला फ्लॅट घेतला. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कुणाला काही कळत नाही. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. विचारलं नाही तर कशाला सांगायचं – असंच ना?

समोर मालतीकाकू राहतात. माहेर हैदराबादेतल्याच बरकतपुऱ्याचं, घरात सगळे वकील. बिल्डिंगमध्ये मराठी बोलणारी दोनच घरं, तेव्हा त्यांनी मला लेकीसारखं धरलं. हळदीकुंकवाला पहिलं बोलावणं मला. बाहेरगावी गेल्या की चावी माझ्याकडे. मैत्रीला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसल्या होत्या. बाई वाईट नाहीत. वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं!

एकदा वरच्या मजल्यावर भाडेकरू यायचे होते. काकू म्हणाल्या, "विचारून घेतलेलं बरं गं. आपल्यातले असले म्हणजे कसं, काळजी नसते." 'आपल्यातले' म्हणताना त्यांनी माझा हात हातात घेतला होता. मी तो सोडवून घेतला नाही.

मैत्री चौथीत होती तेव्हाची गोष्ट. बुद्धपौर्णिमेच्या महिनाभर आधी विहारात मुलांना छोटी छोटी कार्डं वाटली – पत्त्यांएवढी, रंगवायला दिलेली, नुसत्या रेघांची. कमळ, पिंपळाचं पान, धम्मचक्र, ध्यानाला बसलेले बुद्ध. पोरीनं घरभर पसारा मांडला. पानाला रंगीत पेन्सिली. चक्राला स्केचपेन, तर ते मागच्या बाजूला फुटलं. कमळाला तेलखडू, तो हाताला लागायला लागला म्हणून वर बटरपेपर. बुद्धांचं कार्ड तिनं शेवटी घेतलं, जलरंगात. ओलं होऊन ते वळलं, तेव्हा लोणच्याच्या बरणीखाली दाबून सरळ केलं, चीवराच्या कडेला सोनेरी पेन फिरवलं. सगळ्यांत सुंदर तेच झालं होतं. ते काकूंसाठी होतं.

मराठी तिला धड लिहिता येत नव्हतं. मला एकेक अक्षर विचारत तिनं मागे लिहिलं – "मालतीआजी, आमच्या विहारात या."

मीच सांगितली ती अक्षरं. वेलांटीसुद्धा मीच दुरुस्त केली.

तिला दारोदार जाऊन कार्डं द्यायची होती. मी म्हटलं, ऊन फार आहे, तुला सर्दी आहे, मी देते सगळ्यांना. कार्डं पर्समध्ये घातली. काकूंच्या दारासमोर उभीही राहिले – खरंच, बेलवर बोट होतं. मग लिफ्टनं खाली गेले. बस पकडली. आणि ऑफिसजवळच्या कचराकुंडीत, वर्तमानपत्रात गुंडाळून –

टाकली. बुद्धांचं चित्र, माझ्या लेकीनं रंगवलेलं, मी कचऱ्यात टाकलं.

आणि वर घरी येऊन तिला सांगितलं की सगळ्यांना फार आवडली. गप्प बसता आलं नसतं का मला? पण तिचा चेहरा इतका फुलला की मी बोलतच गेले – मालतीआजींनी तर शोकेसमध्ये लावलंय म्हणे.

दोनतीन दिवसांनी काकूंनी आम्हाला चहाला बोलावलं. मैत्री शोकेससमोर जाऊन उभी राहिली. वरचा कप्पा बघितला, खालचा बघितला, मग टाचा उंचावून कपांच्या मागेही बघितलं.

"काय शोधतेस गं बेटा?" काकूंनी विचारलं.

"माझं कार्ड."

"कोणतं कार्ड? मला तर नाही दिलंस तू."

मी घाईघाईनं म्हटलं, "शाळेत केलंय हो काहीतरी, त्याचंच घेऊन बसलीय सकाळपासून."

मैत्रीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. गणित अडलं की वहीकडे बघायची ना, तसं. मग काकूंकडे वळून म्हणाली, "हौ आजी. शाळेतच राहिलं ते."

माझ्यासाठी खोटं बोलली ती. नऊ वर्षांची पोर. आणि मी? मी बिस्कीट चहात बुडवलं.

घरी आल्यावर ती विचारेल म्हणून मी वाट बघत राहिले. तिनं ब्रश धुतले, रंगांचा डबा कपाटात ठेवला, अभ्यासाला बसली. पुढच्या वर्षी विहारात पुन्हा कार्डं वाटली, तेव्हा "नक्को" म्हणाली, एवढंच. कितीदा ठरवलं, तिला जवळ घेऊन सांगावं. तोंड उघडलं की दुसरंच काहीतरी निघतं – जेवलीस का, चार्जर कुठंय.

आता ती कॉलेजात जाते. गेल्या महिन्यात नवी मैत्रीण घरी आली होती. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. बाहेरून त्या मुलीचा आवाज आला, "तुम लोगां क्या मनाते घर में?"

"कुछ खास नहीं रे," मैत्री हसत म्हणाली. "नॉर्मल मराठी लोगां हैं हम."

माझे हात परातीतच राहिले. तिचा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. मी अजून अडखळते.