महिनाभर लागेल

आमच्या व्हीलचेअरच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरला सगळे पाठीमागे 'महिनाभर' म्हणायचे. दुकानदारानं फोनवर कुठलाही सुटा भाग मागितला, की हा मागं वळून न बघता सांगायचा, "महिनाभर लागेल." माल फळीवर पडलेला असला तरी तेच. मग आठवड्यात माल पाठवला, की दुकानदार खूश, साहेब खूश, आणि हा मिशीतल्या मिशीत हसणार. मला तर त्याचं डोकंच फोडावंसं वाटायचं.

परवा त्याच्या आईच्या व्हीलचेअरचं चाक मोडलं. हा कामावर होता म्हणून बायकोच दुकानात जाऊन आली. संध्याकाळी ती म्हणाली, "मी कुणाची कोण, हे त्या दुकानदाराला काय ठाऊक. त्यानं माझ्यासमोर कारखान्यात फोन लावला आणि म्हणाला, महिनाभर लागेल."

तो फोन यानंच उचलला होता. चाकं त्याच्या पाठीमागच्याच फळीवर होती.

"तोवर आईंनी काय पडूनच राहायचं?" बायको कडाडली.

"त्याच्यावर कशाला चिडतेस गं?" कॉटवरून आई म्हणाली. "माल असता, तर माझ्या लेकानं कुणाला ताटकळत ठेवलं असतं का?"

हे मला सांगतानाही त्याची मान वर झाली नाही.