उपरण्याच्या गाठीतल्या अक्षता

सुहृदहो, आज तलासरीजवळच्या वेवजीला सत्यनारायणाची पूजा सांगायला निघायचे होते आणि माझे पूजेचे उपरणे वॉशिंग मशीनमध्ये अडकले. दार उघडेना, पडद्यावर ‘ओई’ ही अक्षरे लुकलुकत होती.

माहितीपुस्तिकेत अर्थ सापडला : पाणी बाहेर जात नाही. वीज बंद केली, खालच्या नळीने पाणी परातीत काढले, नळीशेजारची यंत्राची गाळणी फिरवून उघडली. आत फुगलेल्या अक्षता!

सौ. हसत म्हणाल्या, “अहो, मशीनचंही लग्न लावलंत की काय?”

कालच्या विवाहात पायदळी जाऊ नयेत म्हणून त्या मीच उपरण्याच्या टोकाला बांधल्या होत्या. गाळणी स्वच्छ करताच यंत्र सुरळीत चालले आणि दारही उघडले.

आता तलासरीच्या बसमध्ये खिडकीचा वारा ओलसर उपरणे वाळवतो आहे. आपल्या यंत्राच्या पोटातून आजवर काय निघाले?