नणंदेबरोबर तलावाला फेरा

लग्न झाल्यापासून चोवीस वर्षं मी माझ्या नणंदेला घाबरत होते. ती घाटकोपरच्या एका मराठी शाळेत मुख्याध्यापिका. माझ्या नवऱ्याहून नऊ वर्षांनी मोठी, त्यामुळे तोही तिच्यासमोर सोफ्याच्या टोकावर बसायचा. ती मुलुंडला आमच्याकडे येणार म्हटलं की मी आधी पंख्याची पाती पुसायला घ्यायचे.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात तिचा फोन आला.

"डिसेंबरात भंडारदऱ्याला जायचंय. दोन दिवस. तलावाला सायकलवरून पूर्ण फेरा, डोंगरातल्या वाटा, तंबू, होडी, सगळं आहे. नावं दिलीत मी."

"कुणाची?"

"तुझं नि माझं. तू चालवतेस ना सायकल?"

मी चालवायचे. रविवारी सकाळी आमच्या सोसायटीतल्या दोघीतिघींबरोबर. "पण ताई, तुम्हाला येते?"

पलीकडे तिने घसा खाकरला. मग ती म्हणाली, "फॉर्मवर येते असं लिहिलंय."

जिने तीस-पस्तीस वर्षं पोरांना खोटं बोलल्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं, तिने फॉर्मवर चक्क थाप ठोकून दिली होती! मला हसू दाबता येईना. मग तिनेच सांगितलं. गावी असताना माझ्या नवऱ्यासाठी सायकल आली, तेव्हा सीट धरून त्याच्यामागे तीच धावायची. तो शिकला. हिला कुणी बस म्हणालं नाही, आणि हिनेही विचारलं नाही.

हातात पाच आठवडे होते. दर शनिवार-रविवारी ती पहाटेच घाटकोपरहून यायची. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एक रुंद, सपाट रस्ता आहे, तिथे आमची शाळा भरायची. मी सीट धरायचे, ती दोन पायडल मारायची आणि कचऱ्याच्या पेटीकडे वळायची. नेमकी तिकडेच! फिरायला आलेले आजोबा थांबून सल्ले द्यायचे. तिसऱ्या रविवारी एक टकला, पोट सुटलेला गृहस्थ धावता धावता थबकला.

"बाई? तुम्ही?"

तिचा जुना विद्यार्थी निघाला. मला वाटलं, आता ही सायकल टाकून घरी जाणार. पण तो पुढे आला, माझ्या हातातून सीट घेतली आणि म्हणाला, "बसा बाई. मान वर. तुम्हीच ओरडायचात ना, मान वर करून बोल म्हणून?"

तो धापा टाकत तिच्यामागे पळत सुटला. दोघं कोपऱ्यापर्यंत गेली आणि मग मला दिसलं की तो मागेच कमरेवर हात ठेवून उभा आहे आणि ताई एकटी पुढे चालली आहे. तो रस्त्यातच उड्या मारायला लागला. "गेल्या! बाई गेल्या!"

भंडारदऱ्याला आम्ही अकरा जण होतो आणि त्यात वयाने आम्हीच मोठ्या. वाट दाखवायला तिशीची एक लांब वेणीवाली मुलगी होती, त्याच भागातली. पहिला चढ आम्ही सायकली ढकलत चढलो. डाव्या हाताला सबंध तलाव पसरलेला, पाण्यावर डोंगर उलटे, आणि भात कापून झालेली शेतं. मग रतनवाडीच्या अलीकडे उतार लागला, खडीचा, चांगला लांबलचक. ताई माझ्या पुढे होती. बघता बघता ती लहान दिसायला लागली.

"अगं, ही थांबत नाहीये!" मी वेणीवालीला ओरडून सांगितलं.

"ताई, ब्रेक दाब! दोन्ही दाब गं!"

तिने काहीच दाबलं नाही. वळण आलं, रस्ता वळला, ताई सरळ गेली. बांधावरून उडाली आणि शेतातल्या पेंढ्याच्या ढिगात कमरेपर्यंत घुसली. सायकल बाहेर, चाक फिरतंय. मी माझी सायकल रस्त्यातच टाकली. मी धावत पोचले, तेवढ्यात शेतातली एक बाई विळा घेऊन आली आणि ढिगाकडे बघत शांतपणे म्हणाली, "हिकडं कुटं निघाली व्हती बाई?"

आतून आवाज आला, "रतनवाडीला."

झालं. मी तिथेच हसत बसले. ताईचं डोकं बाहेर आलं, हेल्मेटमध्ये काड्या खोचलेल्या, आणि ती हसत होती. चोवीस वर्षांत मी तिचं ते हसणं कधी ऐकलं नव्हतं, बारीक किंचाळल्यासारखं, मध्येच उचकी. विळेवाली बाईही पदर तोंडाला लावून हसायला लागली.

जरा श्वास आल्यावर ताई म्हणाली, "तू मला अरेतुरे केलंस."

माझं हसूच आटलं. "घाईत निघून गेलं हो, ताई."

"हो काय? परत म्हण."

"ताई, तू... तू वेडी आहेस."

"झकास," मुख्याध्यापिका म्हणाली, आणि आम्ही पुन्हा हसून आडव्या झालो.

दुपारी दोघींना मिळून एक छोटी होडी दिली. मी पुढे, ती मागे. होडी जागच्या जागी गरगर फिरत राहिली.

"डावीकडे!"

"कुणाच्या डावीकडे?"

"माझ्या! तू माझ्याकडे बघ ना!"

नीट सूचना देता याव्यात म्हणून ताई उभी राहिली. वेणीवाली काठावरून "बसा, बसा" ओरडेपर्यंत आम्ही दोघी पाण्यात. लाइफ जॅकेटमुळे बुचासारख्या वर आलो, दात वाजत होते, आणि दोघींपैकी कुणालाच होडी पकडायची घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी राहिलेला अर्धा फेरा. चढांवर तिने थोडं पायी काढलं, पण उतारांवर आता तिचे दोन्ही हात ब्रेकवर होते. धरण दिसलं, तिथे सगळे टाळ्या वाजवत उभे. मी उतरले. ताई त्यांच्यामधून एक हात हलवत तशीच पुढे गेली. वेणीवालीने शिट्टी मारली. ताई गेलीच. मी पुन्हा सायकलवर बसून मागे लागले, आणि बऱ्याच अंतरावर एका चहाच्या टपरीपाशी तिला गाठलं.

"अगं, फेरा संपला होता ना! पुढे कशाला आलीस?"

"थांबावंसं वाटेना," ती म्हणाली. तोंड लालबुंद झालेलं. "भजी खातेस?"

आम्ही दोन प्लेट खाल्ल्या. सगळे बसमध्ये आमची वाट बघत बसले. पुढचे चार दिवस मला जिना उतरता येईना आणि ताईला खुर्चीत बसता येईना. ती घाटकोपरहून उभ्याउभ्याच फोन करायची, "कशी आहेस?" विचारायची, आणि मी उत्तर द्यायच्या आत दोघी खिदळायला लागायचो.