गोठ्यातली साडी

आईची गोठ्यातली साडी वेगळी होती. निळी, विटलेली, शेणाचे डाग पडलेली. पहाटे उठली की ती साडी नेसायची आणि म्हशीखाली बसायची. धार झाली की साडी पुन्हा गोठ्यातल्या खुंटीला. सकाळी एकदा आणि दिवस मावळताना एकदा. सणवार असो, पाहुणे असोत, अंगात कणकण असो, त्यात कधी खंड पडला नाही.

मी शिक्षिका. संगमनेरला सासर, तिथंच शाळा. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, रविवार तर आहेतच. आई चिडवायची, "तुझं बरं हाय बाई. पोरांना सुट्टी, मास्तरीनबाईला सुट्टी. आमच्या म्हशीला कुनी सांगावं, आज आयतवार हाय म्हनून?" ती हसायची, मला राग यायचा. कुणावर काढावा ते कळायचं नाही, म्हणून म्हशीवर काढायचे.

म्हैसही तशीच नाठाळ. रेडकू दगावल्यापासून आईशिवाय कुणाला पान्हा सोडायची नाही. मी खाली बसले की लाथ, माझे वडील, आबा, बसले की लाथ. आई बसली की डोळे मिटून निवांत रवंथ.

आईला एकच हौस होती. माझी मावशी अकोले तालुक्यात डोंगरात दिलेली. तिच्याकडे दोन दिवस जाऊन राहायचं. देवदर्शन नको, धरण बघायला नको. "नुसतं बसायचंय मला," म्हणायची. "ती नव्या तांदळाचा ऊन ऊन भात वाढंल, मी बसून खाईन. मदीच कुनासाटी उठायचं न्हाई." एवढंच. मी माहेरी जायचे तीसुद्धा माझीच सुट्टी असायची, तिच्या वाट्याला चार भाकरी जास्त.

मागच्या दिवाळीत मी हट्टालाच पेटले. आईला घेऊन जायचंच. तिनंही पिशवी भरली. तळाशी मावशीसाठी बाजरी, शेंगदाण्याची चटणी, वर स्वतःची नवी साडी. निघायच्या आदल्या संध्याकाळी जमतंय का बघावं म्हणून आबांना धारेला बसवलं. म्हशीनं बादली उडवली. आबा कोपर चोळत उठले.

आई हसली नाही. तिनं अंगावरच्या गोठ्यातल्या साडीचा पदर चिमटीत धरला. "ही माजी साडी डोक्यावरनं घिऊन बसा," ती म्हणाली. "वास आला की सोडंल ती."

"बाईमानसाची साडी घिऊन बसू व्हय मी?" आबा भडकले. "गोठा रस्त्याला हाय. डेअरीवर त्वांड दाखवाया जागा ऱ्हानार न्हाई."

मी भांडले. दोनच दिवसांचा प्रश्न आहे म्हटलं, लोक गेले खड्ड्यात म्हटलं. आबा रानात निघून गेले. आईनं नवी साडी पेटीत ठेवली आणि बाजरी परत कोठीत ओतली. "फुडल्या दिवाळीला जाऊ," ती मला म्हणाली, जणू समजूत माझी काढायची होती.

होळीच्या सुमारास तिला ताप आला. तो तिनं अंगावर काढला. ताप अंगात घेऊन दोन्ही वेळा धार काढत राहिली आणि गोठ्यातच पडली, तेव्हा कुठं ती साडी बदलून तिला नगरच्या दवाखान्यात नेलं. तिथं आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पुढ्यात कुणी आयतं ताट आणून ठेवलं. मऊ भात होता. तिला घास गिळवत नव्हता. मी चमचा पुढे केला की म्हणायची, "धार कुनी काढली?" शेजारीण काढते, मी सांगायचे. शेजारणीला पाव बादलीही मिळत नव्हती, ते सांगितलं नाही.

आई गेली. घर माणसांनी भरलं. बाया आत, पुरुष अंगणात. म्हैस तटतटलेली कास घेऊन उभी, सारखी हंबरत होती. शेजारणीला तिनं त्या दिवशी जवळही येऊ दिलं नाही. अंगणातले लोक नजर चुकवत बसले होते.

आबा माणसांतून उठले. गोठ्यात गेले, खुंटीवरची साडी काढली आणि सगळ्यांच्या देखत डोक्यावरून घेतली. पदर नीट हनुवटीखाली धरला, तो घसरला, पुन्हा धरला. मग खाली बसले. म्हशीनं मान वळवून साडी हुंगली. लाथ मारली नाही. थोड्या वेळानं बादलीत धारेचा आवाज यायला लागला.

अंगणात कुणी हसलं नाही. रस्त्यानं जाणारा एकजण सायकलवरून उतरून उभा राहिला होता, त्यानं टोपी काढली.

मी गोठ्याच्या दारात गेले. बादली भरत आली होती. आबांचं कपाळ म्हशीच्या कुशीला टेकलेलं होतं, खांदे हलत होते. हात मात्र थांबले नव्हते. इतकं सोपं होतं ते. एक विटकी साडी आणि घटकाभराची लाज, एवढ्यावर तिचे दोन दिवस अडले होते. मला आबांवर ओरडायचं होतं, आणि त्यांना पोटाशीही धरायचं होतं.

त्यांना माझी चाहूल लागली असावी. मागे न बघताच म्हणाले, "सोडलं गं हिनं. तिला सांग, जा म्हनावं भैनीकडं. काढतो मी धार."