काकपदबाईंचं पर्ल

मुद्रितं तपासताना ओळीत काही राहून गेलेलं दिसलं, की खाली कावळ्याच्या पायासारखी एक टोकदार खूण करतात आणि राहिलेलं अक्षर समासात लिहितात. त्या खुणेला म्हणतात काकपद. शब्दकोशाच्या कार्यालयात ही खूण एका बाईंच्या हातून इतक्या वेळा उमटली, की तिचं नावच बाईंना चिकटलं. आता टपाल घेऊन येणारासुद्धा "काकपदबाई आहेत का?" असं विचारतो आणि बाई निमूट ओ देतात.

बाई उंचीने बेताच्या, आवाजाने त्याहून बेताच्या, पण चूक दिसली की भीडभाड ठेवायच्या नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या पाटीवरची वेलांटी त्यांनी एकदा त्याच्याकडूनच खडू मागून घेऊन दुरुस्त केली होती. दुकानदार अजून त्यांना जरा घाबरूनच माल देतो.

कोशाच्या नव्या आवृत्तीत बाईंचा जीव अडकला होता तो 'पाहा'मध्ये. म्हणजे असं, की कोशात मुख्य शब्द सजूनधजून बसलेला असतो, अर्थ, लिंग, उदाहरण सगळं घेऊन. पण लोक घरात तोच शब्द जरा वेगळा बोलतात. अशा शब्दाला बाईंनी एक छोटी ओळ दिली होती: अमुक, पाहा तमुक. जुन्या आवृत्त्यांत हे नव्हतं. बसच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, जिन्यात, जिथे जिथे कान देता आला तिथून बाईंनी हे शब्द कित्येक वर्षं गोळा केले होते. घरी बोलतो तो शब्द कोशात सापडला नाही, की माणूस बिचारा आपणच चुकतो असं समजून गप्प बसतो, असं त्यांचं म्हणणं. आणि माणूस गप्प बसला की भाषेचं नुकसान, हे त्याच्या पुढचं म्हणणं.

छपाईप्रमुख वाईट माणूस नव्हते. त्यांच्या डोक्यावर फक्त तारीख बसलेली होती. पानं सोमवारी छपाईला जायची आणि शुक्रवारी सकाळी त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, तुमचे ते 'पाहा' काढावे लागणार."

"का?"

"हजारो आहेत. प्रत्येक 'पाहा' ज्या शब्दाकडे बोट दाखवतो, तो शब्द कोशात खरंच आहे की नाही, हे कोण तपासणार? एखादा वाचक तिथे गेला आणि तिथे काहीच नसलं तर आपलीच शोभा होईल. त्यापेक्षा सगळेच काढलेले बरे."

"मागच्या वेळी बाकीच्या तपासण्या कॉम्प्युटरवर स्क्रिप्टने केल्या होत्या ना? पर्लमध्ये?"

"स्क्रिप्ट लिहिणारा दुसरीकडे गेला. आणि ती जुन्या मांडणीची होती, आता चालत नाही."

"मग मी नवी लिहिते," बाई म्हणाल्या.

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो. पण तोंडातून गेलेला शब्द, तोही स्वतःचा, मागे घेणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. छपाईप्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सोमवारी सकाळपर्यंत," ते म्हणाले. "त्यानंतर मात्र मला काही सांगू नका."

गेलेल्या माणसाच्या खणात पर्ल या कॉम्प्युटरच्या भाषेचं, नवशिक्यांसाठीचं एक पुस्तक निघालं, चहाच्या कपाचे गोल डाग पडलेलं. बाईंनी ते मुद्रित वाचावं तसं वाचलं. एका पानावर त्यांना चक्क स्वतःची खूण भेटली. पर्लमध्ये काकपद म्हणजे ओळीची सुरुवात. "म्हणजे इथेही मला कामाला लावलेलंच आहे," बाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि तिथून त्यांना त्या भाषेबद्दल थोडी माया वाटू लागली.

दुपारपर्यंत त्यांनी पुस्तकात बघून बघून एक स्क्रिप्ट लिहिली. चालवली. पर्लने पहिल्याच दमात सांगितलं, की अमुक ओळीत अनोळखी अक्षर आहे.

बाईंनी ती ओळ वाचली. परत वाचली. अनोळखी काय असणार? सगळी अक्षरं तर ओळखीची. शेवटी त्यांनी पुस्तक शेजारी धरलं आणि त्यांच्या लक्षात आलं. पुस्तकात अवतरणचिन्हं सरळ उभी होती, खिळ्यासारखी. बाईंना वाटलं होतं, की छापणाऱ्याने आळस केलाय. म्हणून टाइप करताना त्यांनी ती सगळी नीट वळणदार करून घेतली होती, चालू करताना एका बाजूला झुकलेली आणि बंद करताना दुसऱ्या. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. सरळ अवतरण दिसलं की त्यांचा हात आपोआप जायचा. आणि पर्लला नेमकं तेच सरळ अवतरण हवं होतं!

इतकी सुंदर चिन्हं स्वतःच्या हाताने बिघडवताना बाईंना कसंसंच झालं. पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. त्यांनी एकूणएक अवतरणं सरळ केली.

मग पर्लने दुसरी ओळ पकडली. ही ओळ तर इतकी साधी होती, की तिच्यात चुकायला जागाच नव्हती. बाईंनी ती पुसून पुन्हा लिहिली. तक्रार तीच. संध्याकाळ झाली, कार्यालय बंद व्हायची वेळ झाली, आणि बाई लॅपटॉप पिशवीत घालून, तोंड पाडून घरी आल्या.

घरी नणंद होती. ही बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करून निवृत्त झालेली. आवाज असा, की स्वयंपाकघरातून "चहा झाला" म्हणाली तर तळमजल्यावरची माणसं कप शोधू लागावीत. तिने भावजयीचा चेहरा बघितला आणि सरळ विचारलं, "काय गं वहिनी, कोणाशी भांडून आलीस?"

"कॉम्प्युटरशी."

"मग हरणारच. तो दमत नाही."

बाईंनी सगळं सांगितलं. आणि सांगता सांगता त्यांना आठवलं, की मुद्रितं तपासायची खरी जुनी रीत दोघांची असते. एकाने मूळ मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने समोरच्या कागदावर बोट ठेवून ऐकायचं. एकट्याचा डोळा स्वतःच्या चुकीवरून घसरतो, कान घसरत नाही.

"वन्सं, तुम्ही वाचा," बाई म्हणाल्या. "पुस्तकातला नमुना वाचा. चिन्हं सोडायची नाहीत."

शनिवारी सकाळी नणंद खुर्चीत ताठ बसली, घसा साफ केला आणि बसस्थानकाच्या आवाजात सुरू झाली. "डॉलर शब्द... बरोबरचं चिन्ह... डॉलर ओळ... अर्धविराम! पुढची ओळ. महिरपी कंस चालू!" शेजारच्या गॅलरीतली माणसं कपडे वाळत घालायची थांबली. बाईंचे यजमान वर्तमानपत्र घेऊन जे खाली उतरले, ते जेवायलाच वर आले.

"अर्धविराम," नणंद परत म्हणाली.

"माझ्याकडे नाहीये," बाई म्हणाल्या.

चूक आदल्या ओळीत होती. तिच्या शेवटी अर्धविराम राहिला होता, त्यामुळे पर्लला ती ओळ संपलेलीच कळली नाही. तो तसाच पुढे वाचत गेला आणि खालच्या निरपराध ओळीत अडखळला, म्हणून तिलाच त्याने धरलं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" नणंद म्हणाली. "पण काकपदबाई, काय राहिलं ते ओळखायचं हेच तुझं काम ना?"

बाईंनी ते गिळलं. अर्धविराम घातला, स्क्रिप्ट चालवली. या वेळी एकही तक्रार आली नाही. पडद्यावर आलं: चुका शून्य.

बाई उठून उभ्या राहिल्या. हजारो 'पाहा' आणि एकही चूक नाही! त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी नणंदेला मिठीच मारली. नणंद मात्र मिठीतूनच म्हणाली, "थांब. चाळीस वर्षं गाड्या वेळेवर आहेत असं मी सांगत आले. सगळं बरोबर आहे असं कोणी सांगितलं, की मला आधी शंका येते. तू एक खोटा शब्द घाल बघू."

बाईंनी एका 'पाहा'पुढे 'टुणफुसकी' असा शब्द घातला. अर्थातच कोशात तो नव्हता. स्क्रिप्ट चालवली. चुका शून्य.

बाई मटकन खाली बसल्या. पर्ल सगळ्यांनाच हो म्हणत होता. पुस्तक पुन्हा उघडलं तेव्हा कळलं, की त्यांनी दोन शब्द सारखे आहेत का हे विचारताना बरोबरचं चिन्ह दोनदा वापरलं होतं. ते आकड्यांसाठी असतं. शब्द दिले की पर्ल त्यांचा आकडा करायला जातो, होतो शून्य, आणि शून्य शून्याला सारखंच. शब्दांसाठी वेगळा शब्द आहे, दोन अक्षरी, 'ईक्यू'. आणि वरती इशारे चालू करायची एक ओळ असते, ती घातली असती तर पर्लने हे आधीच ओरडून सांगितलं असतं. बाईंनी तीही घातली.

आता स्क्रिप्ट चालवली तर उलटंच झालं. एकूणएक 'पाहा' चूक! पडदा भरभरून वाहू लागला. "आधी सगळ्यांना हो, आता सगळ्यांना नाही," नणंद म्हणाली. "याला कोणीतरी समजावा."

बाईंनी मात्र यावेळी तोंड पाडलं नाही. त्यांनी स्क्रिप्टला सांगितलं, की शोधायचा प्रत्येक शब्द कंसात छापून दाखव. आणि चूक दिसली! कंस सुरू झाला, शब्द आला आणि मिटणारा कंस खालच्या ओळीत जाऊन पडला.

"कंस खाली का पडला?" बाई पुटपुटल्या. असा पडलेला कंस त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. शब्दाच्या मागे काहीतरी न दिसणारं होतं. ओळीच्या टोकाला असलेल्या शब्दाला ओळ संपल्याची खूण चिकटून येत होती, आणि शेपूट असलेला शब्द बिनशेपटाच्या शब्दाशी कसा जुळणार? पुस्तकात ते शेपूट तोडणारा एक छोटा शब्द होता, 'चॉम्प'. नणंदेने तो इतक्या चवीने वाचला, की बाईंना हसू फुटलं.

चॉम्प घातलं आणि वाहणारा पडदा ओसरला. टुणफुसकी पकडली गेली. दोघींनी टाळी दिली. टुणफुसकीला बाईंनी लगेच कोशातून हाकलून दिलं. तरी काही पानं चुका उरल्याच, आणि त्यांतल्या बहुतेक बघून बाईंचा धीर सुटू लागला. बिऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा, चऱ्हाट. हे शब्द कोशात होते, बाईंनी स्वतः तपासले होते. इथे 'कुऱ्हाड', तिथे 'कुऱ्हाड', आणि पर्ल म्हणतो वेगळे.

रविवारी दुपारपर्यंत दोघींनी ते शब्द डोळ्यांनी बघितले, कानांनी ऐकले. जन्मभराची दोन्ही हत्यारं थकली. नणंदेने "कुऱ्हाड!" असं इतक्यांदा म्हटलं, की खालून कोणीतरी काळजीने वर बघून गेलं.

"दिसायला सारखे, ऐकायला सारखे," नणंद म्हणाली. "मग जुळी असतील. जुळ्यांना आई वजनावरून ओळखते."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग पुस्तक ओढलं. शब्दाची लांबी मोजणारी एक आज्ञा त्यांनी कालच वाचली होती. प्रत्येक शब्दापुढे त्यांनी त्याची लांबी छापायला लावली. दोन्ही कुऱ्हाडींच्या लांबीत तीनाचा फरक! तऱ्हांमध्येही तीन. बिऱ्हाडांमध्येही तीन. ज्या ज्या शब्दात तो डोळ्याच्या पापणीसारखा वाकडा र होता, तिथे तिथे हा फरक होता. कोश ज्याने टाइप केला, त्याच्या कीबोर्डवर त्या र ला स्वतंत्र अक्षर होतं. बाईंचा कीबोर्ड तो साध्या र ला एक न दिसणारा जोडधागा लावून घडवायचा, आणि पर्लच्या मापात त्या एका धाग्याचंच वजन तीन. दिसायला एकच, पण आत शिवण वेगळी.

"सापडला!" बाई ओरडल्या. आणि बाई ओरडल्या हे इतकं नवीन होतं, की यजमान आतल्या खोलीतून धावत आले.

एक ओळ. एकच. धागा लावलेला र दिसला की तिथे दुसरा र ठेव. बाईंनी दोन्ही र फाइलींतूनच उचलून आणून त्या ओळीत बसवले. चुका उरल्या मूठभर, आणि त्या खऱ्या चुका होत्या, माणसांनी केलेल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या. त्या बाईंनी चहा गार होईतो दुरुस्त केल्या.

सोमवारी सकाळी छपाईप्रमुख टेबलाशी आले तेव्हा बाईंनी त्यांच्यासमोर स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर काहीच आलं नाही. 'चुका शून्य' असं म्हणणारी ओळ बाईंनी मुद्दाम काढून टाकली होती. तिने एकदा फसवलं होतं.

"काय निघालं?"

"काही नाही."

"म्हणजे जमलं नाही," ते हळूच म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं.

"साहेब, काही निघालं नाही म्हणजेच जमलं. आता तुम्ही कुठलाही खोटा शब्द घाला."

त्यांनी घातला. पर्लने तो ओळीच्या क्रमांकासकट त्यांच्या पुढ्यात आणून आपटला. आणखी एक घातला, तोही धरला गेला. मग छपाईप्रमुख खुर्ची ओढून बसले आणि लहान मुलासारखे खोटे शब्द घालत राहिले, शेवटी बाईंनाच म्हणावं लागलं, की पानं छपाईला जायची आहेत. 'पाहा' सगळेच्या सगळे छपाईला गेले. छातीत मावेना इतका अभिमान बाईंना वाटला, आणि त्यांनी तो लपवलाही नाही. कार्यालयात त्या दिवशी त्यांनी प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगितलं.

छापलेले फर्मे, म्हणजे बांधणीआधीचे पानांचे गठ्ठे, आले तेव्हा बाईंनी एक घरी आणला. नणंदेच्या मांडीवर ठेवला. "वाचा वन्सं. यात तुमचाही आवाज आहे."

नणंदेने पानं उलटली. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं, आणि स्थानकभर ऐकू जाणाऱ्या त्या बाईने अगदी हळू आवाजात वाचलं, "गऱ्हाणे, पाहा गाऱ्हाणे."

"हा तर आईचा शब्द," ती म्हणाली. "'माझं गऱ्हाणं ऐकून तरी घ्या,' म्हणायची, आणि बाबा दर वेळी तिला सर्वांसमोर सुधारायचे. गऱ्हाणं नव्हे, गाऱ्हाणं. आम्ही पोरंही हसायचो. मग ती बोलणंच सोडून द्यायची. गऱ्हाणं राहूनच जायचं तिचं."

नणंदेने पुढची पानं काढली, गाऱ्हाणे शोधलं, त्याचा अर्थ सगळा वाचला. मग परत मागे येऊन त्या छोट्या ओळीवर बोट ठेवलं.

"वहिनी," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज पुन्हा तिचा होता, तळमजल्यापर्यंत जाणारा. "आई चुकत नव्हती गं!"