एका दर्भाचं पवित्रक
वडिलांच्या श्राद्धासाठी आज सकाळी दर्भ भिजत घातला आणि त्या ओल्या, गवती वासासरशी देवासमधली काकांची ओसरी आठवली. काका पौरोहित्य करायचे. दर्भाची अंगठी, म्हणजे पवित्रक, शुभकार्याला दोन दर्भांचं, श्राद्धाला तीन दर्भांचं. एका दर्भाचं फक्त मर्तिकाला. मी तेव्हा एमएस्सीला संख्याशास्त्र शिकत होतो. एके दिवशी दुपारपर्यंत मर्तिकाचे तीन फोन आले. दोन गावातलेच, एक हाटपिपल्याहून. तिन्ही घरं एकमेकांना अनोळखी. “गुरुजी, आजोबा गेले, आप जल्दी आ जाओ,” तिसऱ्या घरची नात रडत म्हणाली. काकू घाबरली, तेव्हा मी वहीत पॉयसनचं सूत्र मांडलं. दहा दिवसांतून सरासरी एक बोलावणं धरलं, तर एकाच दिवशी तीन येणं साधारण अठरा वर्षांतून एकदा घडणारच. “योगायोग आहे, काकू. एका घटनेला दुसरीची खबर नसते.” काकांनी कोपऱ्यातलं तबक पुढे ओढलं. त्यात एकेका दर्भाची तीन पवित्रकं होती, वाळून पिवळी पडलेली. “ही कधी वळलीत?” मी विचारलं. “परवा. बोटं थांबेचनात रे.” आज मी कॉलेजात हेच सूत्र शिकवतो, काकांची गोष्ट मात्र सांगत नाही. मघाशी बायकोशी बोलता बोलता श्राद्धाची पवित्रकं वळत होतो. खाली पाहिलं, तर सगळी एकेका दर्भाची झाली होती. चार होती. चारचं गणित मी अजून मांडलेलं नाही.