वरच्या मॅडमचं न सुटलेलं गणित

अगं, इकडं ध्यान दे जरा! आमच्या वरच्या मॅडमला गणितवाल्यांची ती ऑनलाइन जागा तूच दाखवली, अन् तिथली रीत सांगितली न्हाई होय? अजून कुणालाच न सुटलेलं गणित त्यांनी तिथं टाकलं, पण ते तसं आहे हे लिहिलंच न्हाई. एका परक्या माणसानं त्यात आठवडा घातला, मंग चिडला, "आधी सांगायचं होतं." मॅडमनं सगळ्यांसमोर माफी मागितली. मी म्हटलं, "पुसून टाका की!" तर म्हणाल्या, "काकू, त्याखाली त्या माणसानं लिहिलेली मेहनत बी पुसली जाईल."

भाजीची पिशवी घेऊन जिन्यात मधेच थांबायचं, गणितं पुटपुटायचं, ही सवय त्यांची. आता न थांबता सरळ चढून राह्यल्या. त्याचीच मला धास्ती वाटते. जल्दी जालन्याला ये. आधी वर जा, मंग माझ्याकडं.